केसपेपरवर नसलेला रकाना

कर्करोगाच्या बाह्यरुग्ण विभागात नवीन रुग्ण आला की केसपेपर भरताना ठरलेले प्रश्न येतात. वय किती? व्यसन काही? घरात आधी कोणाला झाला होता? वजन किती उतरले? रुग्ण खाली मान घालून उत्तरे देतो, आणि व्यसनाचा प्रश्न आला की ती मान आणखी थोडी खाली जाते. स्वयंपाकघरातला धूर कुठून बाहेर पडतो, कामावर अंगावर कसली धूळ बसते, एक दिवस खाडा झाला तर पगार कापला जातो की रजा मिळते, हे कोणी विचारत नाही. व्यवसायाचा रकाना असतो, पण त्यात 'नोकरी', 'मजुरी', 'गृहिणी' असा एक शब्द पडतो आणि लिहिणारा पुढच्या ओळीवर जातो.

कर्करोगाविषयी आपण ज्या शब्दांत बोलतो त्यातला 'जीवनशैलीचा आजार' हा शब्दप्रयोग मला सर्वांत जास्त खटकतो. शैली हा शब्द खरे तर गायकाला, चित्रकाराला शोभणारा. जिथे निवडीला वाव आहे तिथे शैली असते. ज्याला कोणते काम करायचे, कुठे राहायचे, कोणत्या इंधनावर शिजवायचे यातले काहीच निवडता आलेले नाही त्याच्या जगण्याला शैली म्हणणे ही थट्टा झाली. शिवाय तो शब्द एक काम गुपचूप करून जातो: आजाराचा दोष आजाऱ्याच्या पदरात टाकतो. माझे म्हणणे असे की कर्करोगाचा धोका ज्या गोष्टी ठरवतात त्यातल्या बऱ्याचशा माणसाच्या स्वभावात नसून परिस्थितीत असतात. म्हणून प्रतिबंधाचे पहिले काम उपदेशाचे नव्हे, परिस्थिती बदलण्याचे आहे.

हे काही नवे सांगतो आहे असे नाही. कर्करोगाच्या कारणांचा शोध सुरू झाला तोच मुळी एका गरिबाच्या धंद्यापासून. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशावर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन लिहिले. ही कामे करायला लहान मुले लागत, कारण धुराडी इतकी अरुंद असत की मोठा माणूस आत शिरूच शकत नसे. काही तर जेमतेम नऊ इंच रुंद. अनाथ किंवा अगदी दरिद्री घरातली, चार-सहा वर्षांची पोरे त्यात चढवली जात. कपडा अडकून मूल आत फसू नये म्हणून पुष्कळदा उघड्या अंगाने. काजळी कातडीच्या घड्यांत बसे, आंघोळ क्वचित होई, आणि पुढे तरुणपणी किंवा त्यानंतर तिथे एक न भरणारा व्रण दिसू लागे. पॉट यांनी नोंदवलेली एक गोष्ट मात्र मला काजळीपेक्षाही बोलकी वाटते. रुग्ण आणि वैद्य दोघेही या व्रणाला गुप्तरोग समजत. त्यावर पाऱ्याचे उपचार होत आणि दुखणे आणखी चिघळे. म्हणजे धंद्याने दिलेला रोग वर्तनाच्या खात्यावर मांडायची खोड तेव्हापासूनची आहे.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १७८८ साली ब्रिटनमध्ये आठ वर्षांखालील मुलांना या कामावर घेऊ नये असा कायदा झाला, पण तो राबवणारे कोणी नव्हते. परवान्याची सक्ती करणारा आणि खरोखर चाललेला कायदा यायला १८७५ उजाडले. पॉट यांच्या निबंधानंतर बरोबर शंभर वर्षे. १८९२ मध्ये हेन्री बटलिन या शल्यविशारदाने एक साधा प्रश्न विचारला: काजळी तर युरोपात सगळीकडे आहे, मग हा रोग इंग्लंडातच एवढा का? उत्तरही साधेच निघाले. जर्मनी-बेल्जियमकडचे कामगार अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालत आणि रोज अंग धूत. काजळीतला कर्करोगकारक पदार्थ, बेंझोपायरीन, डांबरातून वेगळा काढून ओळखला गेला तो १९३३ मध्ये. रेणूचे नाव कळण्याच्या कितीतरी आधी पाणी आणि कपडा यांनी काम केले होते. ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांच्या मदतीला रसायनशास्त्र धावून येणार नव्हते.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. कर्करोग हा शेवटी नशिबाचा खेळ नाही का? निर्व्यसनी, सुखवस्तू, रोज फिरायला जाणारा माणूस अचानक जातो, आणि आयुष्यभर विड्या ओढणारा नव्वदी गाठतो. २०१५ च्या जानेवारीत क्रिस्टियन टोमासेटी आणि बर्ट फोगेलस्टाइन या अमेरिकी संशोधकांचा एक निबंध 'सायन्स'मध्ये आला. ज्या अवयवातल्या मूळपेशी, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या पेशी, जास्त वेळा विभागतात तिथे कर्करोग जास्त होतो, कारण प्रत्येक विभागणीत नक्कल करताना चूक होण्याची शक्यता असते, हा त्याचा गाभा. वर्तमानपत्रांनी त्याचा मथळा केला: दोन तृतीयांश कर्करोग निव्वळ दुर्दैवाने. निबंधात तसे म्हटलेलेच नव्हते. मोठ्या आतड्यात कर्करोग जास्त आणि लहान आतड्यात कमी का, या प्रश्नाचे ते उत्तर होते. या वस्तीत जास्त आणि त्या वस्तीत कमी का, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही त्या मथळ्याशी जाहीर असहमती दाखवली. नशीब आहेच, मी ते नाकारत नाही. एका पेशीत कोणत्या क्षणी कोणती चूक होईल हे कोणालाच सांगता येणार नाही. पण फासे कोणाला किती वेळा टाकायला लावले जातात, ते नशिबाने ठरत नाही.

चीनच्या नैर्ऋत्येला युन्नान प्रांतात श्वानवेई नावाचा भाग आहे. तिथल्या बायका जवळजवळ कोणीच धूम्रपान करत नसत. पुरुष बहुतेक सगळे करत. तरीही फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणाऱ्या बायकांचे प्रमाण पुरुषांच्या जवळपास होते, आणि ते देशातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. कारण घरातच होते. जमिनीत केलेल्या खड्ड्यात धुरकट कोळसा जळे, वर धुराडे नसे, आणि तो धूर कोंडलेल्या घरात बायकांचा दिवस जाई. त्यातही कोळशाच्या दोन जाती होत्या, एक भयंकर धुराची आणि एक कमी धुराची. धोक्यात दोन्हींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. कोणती जात चुलीत जायची हे घराजवळ कोणती खाण आहे यावरून ठरे. मग हळूहळू घरांमध्ये धुराडे असलेल्या चुली बसल्या. एकवीस हजारांहून अधिक शेतकऱ्यांचा १९७६ ते १९९२ या काळातला हिशेब संशोधकांनी नंतर मांडला, तेव्हा चूल बदललेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका चाळीस टक्क्यांहून अधिक घटलेला दिसला. फायदा स्पष्ट दिसायला दहाएक वर्षे लागली. बाई तीच, स्वयंपाक तोच, गाव तेच. धुराला तेवढी वाट मिळाली. त्या बायकांना 'जीवनशैली सुधारा' असे सांगणारी पत्रके वाटली असती तर काय झाले असते, याचा विचार मी अधूनमधून करतो.

आता जी गोष्ट माझ्या बाजूच्या लोकांना फारशी आवडत नाही तीही सांगतो. 'गरिबी म्हणजे कर्करोग' असे सरळ समीकरण नाही. स्तनाचा कर्करोग सुस्थितीतल्या बायकांमध्ये जास्त आढळतो. उशिरा होणारे पहिले मूल, कमी मुले, कमी काळ स्तनपान ही त्याची काही कारणे, आणि जास्त तपासण्या होतात म्हणून जास्त सापडतो हेही एक. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १८ व्या शतकाच्या सुरुवातीलाच जोगिणींमध्ये, म्हणजे मठातल्या ननमध्ये, स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे लिहून ठेवले होते. १८४२ मध्ये रिगोनी-स्टर्न या इटालियन वैद्याने व्हेरोना शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी चाळून उलटी बाजू दाखवली: गर्भाशयाचा कर्करोग मात्र याच बायकांमध्ये विवाहितांपेक्षा कमी. म्हणजे परिस्थिती फक्त कमी-जास्त करत नाही, कोणता कर्करोग कोणाच्या वाट्याला यायचा हेही ठरवते.

आणि शेवट काय व्हायचा, हे तर ती सर्वांत ठामपणे ठरवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेले आकडे पाहा. मानव विकास निर्देशांक, म्हणजे आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मिळून काढलेला आकडा, अतिउच्च असलेल्या देशांत दर १२ पैकी एका बाईला आयुष्यात कधी ना कधी स्तनाच्या कर्करोगाचे निदान होते, आणि दर ७१ पैकी एक त्याने मरते. निर्देशांक कमी असलेल्या देशांत निदान २७ पैकी एकीलाच होते, पण मरण येते ४८ पैकी एकीला. रोग निम्म्याहून कमी आणि मृत्यू जास्त. पहिल्या ठिकाणी निदान झालेल्या साधारण सहा जणींपैकी एक जाते. दुसऱ्या ठिकाणी निम्म्याहून अधिक. गाठ दोन्हीकडे गाठच असते.

मधला फरक मराठीतल्या एका वाक्प्रचारात नेमका पकडलेला आहे: दुखणे अंगावर काढणे. दुसऱ्या कुठल्या भाषेत हे इतके अचूक म्हणता येत असेल का, मला शंका आहे. अंगावर काढणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे. दुखणे आहे हे ठाऊक असते. ते सहन करायचे ठरवलेले असते, कारण त्याच्याकडे बघायला आत्ता सवड नाही, पैसा नाही, बरोबर यायला कोणी नाही. एका बाईला आंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागते. ती दुखत नाही, आणि हीच मोठी अडचण आहे. जे दुखत नाही त्याच्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवायची कशी? महिनाभर ती वाट बघते. मग जाते, तर त्या दिवशी फक्त नाव नोंदवून पुढची तारीख मिळते. दुसरा खाडा तपासणीचा, तिसरा बायोप्सीचा, चौथा अहवालाचा, आणि अहवालाच्या दिवशी कळते की तो अजून आलेलाच नाही. मध्ये एक मूल तापाने फणफणते, मध्ये मालक दम देतो की आणखी एक खाडा आणि कामावर येऊ नकोस. या सगळ्यात सहा-आठ महिने जातात. आणि मग टेबलापलीकडून प्रश्न येतो, 'इतके दिवस काय करत होतात?' याचे खरे उत्तर 'काम करत होते' असे आहे. पण ते उद्धट वाटेल म्हणून ती गप्प बसते, आणि तिच्या गप्प बसण्याची नोंद अज्ञान म्हणून होते.

हे बदलता येत नाही असे कोणी म्हणाले तर अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याचे उदाहरण द्यावे. तिथे मोठ्या आतड्याच्या कर्करोगात कृष्णवर्णीयांची स्थिती गोऱ्यांहून वाईट होती, आणि जनुकांपासून आहारापर्यंत त्याची कारणे शोधता आली असती. राज्याने वेगळाच रस्ता धरला. विमा नसलेल्यांना तपासणी फुकट, कर्करोग निघाला तर उपचाराचा खर्चही राज्याचा, आणि रुग्णालयांतून परिचारिका नेमल्या: फोन करणाऱ्या, तारीख मिळवून देणाऱ्या, आलाच नाही तर पुन्हा फोन करणाऱ्या. या शतकाच्या पहिल्या दशकात कृष्णवर्णीयांमधले तपासणीचे प्रमाण ४८ वरून ७४ टक्क्यांवर जाऊन गोऱ्यांच्या बरोबरीला आले, आणि मृत्युदरातली दरी जवळजवळ बुजली. यात एकही नवे औषध नव्हते. फोन होता, आणि तो करायला पगारी माणूस होते.

तंबाखूकडे वळतो, कारण 'निवड' म्हणणाऱ्यांचा तो बालेकिल्ला. तंबाखू कोणी जबरदस्तीने तोंडात कोंबत नाही, हे मान्य. पण इतिहास पाहा. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये साहेब आणि कामगार दोघेही सारखेच धूर काढत होते. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफोर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला, १९६२ मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा आणि १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. बातमी सगळ्यांनी ऐकली. सोडली मात्र आधी डॉक्टरांनी, वकिलांनी, शिकलेल्या नोकरदारांनी. सिगारेट हळूहळू समाजाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरत गेली, आणि धंदा श्रीमंत देशांतून बाकीच्या जगात. आज जगातल्या तंबाखू वापरणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत. एकच माहिती, एकच निकोटीन, मग परिणाम वेगळा का? सोडायची इच्छा गरिबांना कमी असते असे नाही. प्रयत्न तेही करतात, फसतात जास्त. बारा तासांच्या पाळीत हक्काची पाच मिनिटे मिळण्याचे एकमेव निमित्त सिगारेट असेल, आजूबाजूला सगळेच ओढत असतील, आणि तीस वर्षांनी येणाऱ्या रोगापेक्षा महिनाअखेरीची भीती मोठी असेल, तर निश्चयाला तग धरायला जागा कुठे उरते?

याच कारणाने तंबाखूवरच्या कराबद्दल माझे मत दुहेरी आहे. किंमत वाढली की गरीब आणि तरुण सर्वांत आधी कमी करतात, त्यामुळे कर लावावाच. पण जो सोडू शकत नाही तो गरीब तोच कर अधिक जड हाताने भरत राहतो. त्या पैशातून सोडायला मदत करणारी औषधे आणि समुपदेशन त्याच्यापर्यंत पोचत नसेल, तर सरकारने त्याच्या व्यसनावर फक्त कमाई केली, असेच मी म्हणेन.

संसर्गातून होणाऱ्या कर्करोगांवर जास्त लिहीत नाही. तिथे वादाला फारशी जागाच नाही. जठराच्या कर्करोगामागचा जीवाणू लहानपणी, दाटीवाटीच्या घरांत अंगात शिरतो. श्रीमंत देशांत तो कर्करोग घटला तो कोणी मोहीम काढली म्हणून नव्हे. घरे मोठी झाली, पाणी स्वच्छ झाले, पदार्थ टिकवायला मिठाऐवजी फ्रीज आला म्हणून. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला लस आहे, तपासणी आहे, वेळीच पकडला तर उपचार आहे. तरी २०२२ मध्ये त्याने सुमारे साडेतीन लाख बायका गेल्या, आणि त्यातल्या ९४ टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. 'गरीब देशांना जमत नाही' म्हणावे तर रवांडाने २०११ मध्येच मुलींना ही लस द्यायला सुरुवात करून नव्वद टक्क्यांपलीकडे मजल मारली, पुष्कळ श्रीमंत देशांच्या पुढे.

परिस्थितीतून रोग येतो आणि रोगातून पुन्हा परिस्थिती. आग्नेय आशियातल्या आठ देशांत साडेनऊ हजारांच्या आसपास नव्या रुग्णांचा माग ठेवणारा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर वर्षभरात २९ टक्के रुग्ण दगावले होते आणि ४८ टक्के कुटुंबे खर्चाने कोलमडली होती. जिवंतही आणि सावरलेलेही, असे उरले जेमतेम २३ टक्के. कोलमडणे म्हणजे काय ते आकड्यात दिसत नाही. मोठ्या मुलीची शाळा सुटते, धाकटा मिळेल त्या कामाला लागतो. हे मिळेल ते काम बहुतेकदा धूळ, धूर, रसायने यांतलेच असते. कर्करोग घराण्यात आहे असे आपण म्हणतो तेव्हा जनुके डोळ्यांसमोर येतात. वारसा असाही असतो.

धोका एका माणसाचा आणि आजार दुसऱ्याचा, असे सर्वांत उघडपणे अ‍ॅस्बेस्टॉस या खाणीतून निघणाऱ्या तंतुमय खनिजाच्या बाबतीत दिसते. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिस वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे, मेसोथेलिओमाचे, ३३ रुग्ण नोंदवले. त्यात खाणीत कधीही काम न केलेली माणसे होती. ती फक्त लहानपणी खाणीच्या आसपास राहिली होती. पाच वर्षांनी लंडनमधूनही तसाच अहवाल आला. या रोगाला तीस-चाळीस वर्षे लागतात. तो उगवतो तोवर कारखान्याला टाळे लागलेले असते, कागदपत्रे हरवलेली असतात आणि मालक बदललेला असतो. अमेरिकेने क्रायसोटाइल या अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्वाधिक वापरातल्या जातीवर बंदी घालणारा नियम केला मार्च २०२४ मध्ये, वॅग्नर यांच्या निबंधानंतर ६४ वर्षांनी, आणि त्यातही काही कारखान्यांना १२ वर्षांपर्यंतची मुदत दिली.

लंडनच्या त्या रुग्णांत काही बायका होत्या. त्यांनी कारखान्याचे तोंडही पाहिले नव्हते. घरातला माणूस पाळी संपवून आला की त्याचे कामाचे कपडे त्या झटकत, मग भिजत घालत, मग धूत. वर्षानुवर्षे. त्यांच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' असेच लिहिले गेले असणार.